आतल्या तारांचे बावीस दिवस

ठाणे. फेब्रुवारीतला पहिला शनिवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, दातांना तारा बसवणाऱ्या डॉक्टरबाई, त्यांच्या मदतनीस ताई आणि बाहेरच्या बाकावर नवरा. गैरहजर: लेक, कारण कॉलेजात तोंडी परीक्षा.

माझ्या वहीत कुठल्याही कामाची सुरुवात अशीच होते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी पंचवीस वर्षं माल रवाना करायचं काम करते आहे. गाडी किती वाजता लागली, माल चढताना कोण हजर होतं, कागद कोणी तपासले, हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे फाटक उघडत नाही. ती सवय घरापर्यंत आली. लेक म्हणते, "मम्मी, तू वाढदिवसाला पण गेटपास काढशील." काढीन की.

सत्तेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करायला कोणी हौसेने जात नाही. माझे खालचे पुढचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर चढत गेले होते. मधे अन्न अडकायचं, हिरड्या सुजायच्या, ब्रश केला की रक्त यायचं. डॉक्टरबाई सरळ म्हणाल्या, "आत्ता नाही केलंत तर साठीत हे दात हातात येतील." कारण पटलं की मी घोळ घालत नाही. फक्त बाहेरून चमकणाऱ्या तारा नको म्हटलं. ऑफिसात नवीन पोरं आहेत, त्यांना आयतं खाद्य कशाला द्या? तर आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून तारा बसवता येतात असं कळलं. कोणाला दिसणार नाहीत. मी लगेच होकार दिला.

"बाहेरच्या तारा लोकांना दिसतात, आतल्या जिभेला दिसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन-चार आठवडे बोलणं बिघडेल. जीभ सोलवटेल. मनाची तयारी ठेवा."

मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं: मऊ खाणं, टोचेल तिथे लावायला मेण, बारका ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बोलण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. बोलणं हे काम आहे असं मला तोवर वाटतच नव्हतं.

दीड तासाने खुर्चीतून उठले तेव्हा तोंडात कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा ठेवल्यासारखं झालं होतं. वरच्या नि खालच्या प्रत्येक दाताच्या पाठीला एक एक धातूचा तुकडा आणि त्यातून ओवलेली तार. जीभ मागे घेतली तरी लागत होती, पुढे केली तरी लागत होती. नवऱ्याने विचारलं, "झालं?" मी "हो, सगळं झालं," म्हणायला गेले. "हो" तेवढं नीट आलं. पुढच्या "सगळं"मधून नुसती वाफ निघाली.

"अरे बापरे," तो म्हणाला आणि घाईघाईने दुसरीकडे बघायला लागला. हसू लपवायची त्याची ही पद्धत मला वीस वर्षं माहीत आहे.

संध्याकाळी डोंबिवलीजवळच्या कोपरहून आईचा फोन आला आणि तेव्हा मला माझी चूक कळली.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन महिनाअखेरीला वर्ष होत होतं. शेवटच्या रविवारी कोपरला त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम ठरला होता. त्याची यादी माझ्याकडेच होती. खुर्च्या, सतरंज्या, पांढरं कापड, मेणबत्त्या, हार, खिरीचं दूध, कोणाला फोन झाला, कोणाला राहिला. आणि सगळ्यात वर, आईच्या सांगण्यावरून: वंदना, मी.

आमच्या घरी बौद्धाचार्य लग्नाला येतात, पण घरच्या वंदनेला आम्ही कधी बाहेरचं माणूस बोलावलं नाही. आईच घ्यायची. तिने पुढे ओळ म्हणायची, आम्ही मागून. आप्पांना फार अभिमान होता त्याचा. "आमच्याकडे पाली घरचीच आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गेली दोन वर्षं मात्र आई "घसा बसतो" म्हणून मागे राहायला लागली होती. आप्पांच्या वर्षाचं ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "यंदा तू घे. घरातला आवाज पाहिजे." मी "घेते" म्हटलं आणि नोंद केली.

आणि त्याच वहीत, त्याच पानाच्या मागच्या बाजूला, त्याच निळ्या पेनाने दातांच्या डॉक्टरांची वेळ लिहिली होती. दोन्ही तारखांमध्ये बावीस दिवस. एक पान उलटलं असतं तरी लक्षात आलं असतं. पंचवीस वर्षांत मी एका वेळेला दोन गाड्या एका फाटकावर लावल्या नाहीत. इथे स्वतःच्या तोंडावर लावल्या.

फोनवर आईला हे सांगायला मला पाच मिनिटं लागली. अर्ध्यात धाकट्या भावाने फोन घेतला. तो आईजवळच राहतो.

"ताई, तू काय पीत बसलीयेस का? काय बोलतेय काहीच समजत नाय."

मी परत सावकाश सांगितलं.

"मग टेन्शन कशाला घेते? मोबाइलवर लावू ना वंदना. मस्त आवाजात मिळते, स्पीकर आणतो मी."

मागून आईचा आवाज आला, "आप्पांसाठी मोबाइल बोलणार होय रे?"

विषय तिथेच संपला.

पहिला आठवडा मी दोनच गोष्टी शिकले: न बोलणं आणि न चावणं. ऑफिसात फोनवरची सगळी कामं मेसेजवर नेली. गाडीवाल्याला शीळफाट्यावरून वळायचं की सरळ यायचं हे तोंडाने सांगण्यापेक्षा नकाशावर खूण करून पाठवलं. एक जुने ड्रायव्हरकाका गेटवर आले नि म्हणाले, "मॅडम, रागावलात का? दोन दिवस झाले, ओरडला नाहीत." मी तोंडावर हात ठेवून तारांची खूण केली. ते म्हणाले, "माझ्या नातीला पण आहेत. ती सातवीत आहे."

खाण्याची यादी मी पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिकटवली होती. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं चुकलं. पोहे मऊ असतात म्हणून लिहिले होते, पण पोह्यांवरचं खोबरं तारांत जाऊन बसलं ते अर्धा तास निघेना. मेथीची भाजी तर विसरायचीच. तिचा एक एक धागा तारेला गुंडाळला गेला. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येईना, आणि मागचे दात एकमेकांना टेकेनात, कारण वरच्या तुकड्यांवर खालचे दात आधीच आपटायचे. चावायला गेलं की घास तोंडात नुसता गोल फिरायचा. शेवटी जमलं ते असं: गुरगुट्या भात नि वरण, सांबारात बुडवून विरघळलेली इडली, दुधात कुस्करलेली भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. बोंबील चावावाच लागत नाही. त्या आठवड्यात नवऱ्याने तीनदा बाजारातून ओले बोंबील आणले आणि एकदाही "परत तेच?" म्हटलं नाही, हे मी इथे आवर्जून नोंदवते. लेकीने बारक्या ब्रशाला नाव दिलं, "बाटलीच्या ब्रशाचं पिल्लू." रोज रात्रीच्या जेवणानंतर ती मोबाइलचा उजेड माझ्या तोंडात पाडून "डावीकडे कोथिंबीर, मम्मी, अजून आत, हां, गेली," असं सांगत उभी राहायची. अठरा वर्षांच्या मुलीने आईच्या जबड्यात डोकावत उभं राहावं, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

पण वंदना जमत नव्हती. बाथरूममध्ये दार लावून म्हणून बघितली. पहिल्याच ओळीत इतके स नि 'तस्स', 'बुद्धस्स' असे जोडस्स की ओळ संपेपर्यंत आरशावर थुंकी. जिभेच्या कडेला दोन फोड आले होते. मेण लावलं की टोचायचं थांबायचं, पण आवाज आणखी जाड व्हायचा.

दुसऱ्या रविवारी कार्यक्रमाची तयारी करायला आम्ही कोपरला गेलो. भाऊ खुर्च्यांचं ठरवून आला, नवऱ्याने सतरंज्या मोजल्या, शेजारच्या काकू खिरीचं प्रमाण सांगायला आल्या त्या जेवायलाच थांबल्या. आईने सुकट, भाकरी, वांग्याची भाजी केली होती. सगळे बाहेर पंगत धरून बसले. मला चारचौघांत जेवायचं नव्हतं. घास बोटाने आत ढकलावा लागतो, मधेच तोंडात बोट घालून काहीतरी उपटावं लागतं, ते काकूंसमोर कोण करणार? मी ताट उचललं आणि "मी वाढते, तुम्ही बसा," म्हणून स्वयंपाकघरात शिरले.

आई तिथे आधीच होती. ओट्याकडे तोंड, दाराकडे पाठ. हातात भाकरीचा चुरा नि रस्सा कालवलेली वाटी. शेजारी पाण्याच्या भांड्यात तिची कवळी.

आई नेहमी सगळ्यांच्या नंतर, आत जेवते. वाढणारी बाई शेवटी जेवते, असंच मी लहानपणापासून पाहिलं होतं, म्हणून मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. पण त्या दिवशी आम्ही दोघी एकाच कारणासाठी एकाच कोपऱ्यात आलो होतो. ती माझ्या ताटाकडे बघत होती, मी तिच्या भांड्याकडे.

"ये," ती म्हणाली. कवळी नसल्यामुळे तिचा आवाज तोंडातच राहिला. "दार लोट."

आम्ही ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवलो. मी बोटाने वांग्याचं साल काढलं. तिने बघितलं नि हसली. मग मी विचारलं, कवळी काढून का जेवतेस?

"सैल झालीये. चावायला गेलं की उचलते. मधे कण गेला की असं टोचतं!"

"कधीपासून?"

"आप्पांचं दवाखान्याचं सुरू झालं तेव्हापासून. मी पण वाळले ना तेव्हा. मग हिरडी बसली खाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या वहीत जागा होती का?"

ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं. त्या काळात माझ्या वहीत आईचं पान होतं. बीपीची गोळी, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं तेल. तोंड कुठेच नव्हतं. मी दर रविवारी येऊन तिच्यासमोर त्या पानावर खुणा करून जायचे.

मग घशाचंही कळलं. घसा बसत नव्हताच. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत एका नामकरणाला वंदना घेताना तिची कवळी ओळीच्या मध्येच सुटली. तिने हाताने तोंड धरलं, लोकांना वाटलं खोकला आला. पुढे बसलेली दोन मुलं हसली. घरी येऊन ती आप्पांना म्हणाली, आता माझा घसा बसतो. आप्पांना खरं माहीत होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"आणि तू मला म्हणालीस, घरातला आवाज पाहिजे."

"पाहिजेच. माझा तर असा झालाय. म्हणून तुझा." वाटी खाली ठेवून तिने कवळी उचलली, झटकली, बसवली आणि एकदम मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "आता साठ म्हण."

"काय?"

"साठ. एकसष्ट, बासष्ट. सत्तरपर्यंत. मला कवळी नवी बसवली तेव्हा आप्पांनी महिनाभर हेच करायला लावलं. सकाळी दूध तापेपर्यंत. साठ ते सत्तर नीट आलं की माणसाला सगळं बोलता येतं."

मी म्हणायला लागले. बासष्टला शिटी वाजली, चौसष्टला थुंकी उडाली. बाहेरून भाऊ ओरडला, "आत काय भिशी लागलीये का?"

"जीभ दामटू नको," आई म्हणाली. "ती घाबरलीये. घर तिचंच आहे, फक्त नवीन कपाट आलंय. आपटत आपटत वाट शिकेल. स म्हणताना तिला खाली बसव, खालच्या दातांमागे, आणि वारा वरून सोड. आणि मोठा शब्द आला की आधी श्वास घे. घाई तुझ्या अंगात आहे, ती आधी काढ."

त्या दिवसापासून मी साठ ते सत्तर म्हणत राहिले. सकाळी दूध तापेपर्यंत, ऑफिसात जिना चढताना, भाजी निवडताना. लेक माझ्याबरोबर म्हणायची, मग उलटं म्हणायची, मग दोघी हसायचो आणि हसताना श्वास आत ओढला की तारांचा गारवा जिभेला लागायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला आणि मी विचार न करता उचलून पूर्ण पत्ता सांगितला. समोरच्याने फक्त "ओके मॅडम" म्हटलं. त्या ओकेने मला जे बरं वाटलं ते कुठल्या बढतीच्या पत्रानेही वाटलं नव्हतं.

शेवटचा रविवार आला. आईच्या घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या कापडावर मूर्ती, शेजारी आप्पांचा फोटो, मेणबत्त्या. पन्नासेक माणसं. मी पांढऱ्या साडीत पुढे बसले, आई माझ्या उजवीकडे खुर्चीवर, कारण तिला खाली बसवत नाही. मी तारांवर मेण दाबलं होतं, पाणी प्यायले होते.

पहिली ओळ आली. सावकाश आली, थोडी जाड आली, पण आली. मागून पन्नास आवाजांनी ती उचलली. जोडस्सही निघाले. त्रिसरण झालं. मला वाटलं, झालं की, जमलं.

पंचशीलाच्या मधल्या ओळीला मेणाची एक गोळी सुटून जिभेवर आली. तारेचं टोक नेमकं जुन्या फोडावर घासलं. तोंडात पाणी भरलं आणि मी थांबले. गिळावं की काढावं? पन्नास माणसं ओळीची वाट बघत होती. पुढे आप्पांचा फोटो. भावाचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलेला मला कडेने दिसला.

तेवढ्यात उजवीकडून ओळ सुरू झाली. आईने अंगठा वरच्या दातांखाली लावून कवळी टाळूला दाबून धरली होती, उघडपणे, सगळ्यांसमोर, आणि म्हणत होती. आवाज अर्धवट होता, स हवेत विरत होता, पण ओळ पूर्ण होती. मागून पन्नास आवाजांनी तीही उचलली, जशी माझी उचलली होती तशीच. मी पदरात मेण काढून गुंडाळलं आणि पुढची ओळ घेतली. त्यापुढची तिने. असं एक मी, एक ती करत आम्ही शेवटपर्यंत गेलो. कोणाची ओळ कोणती हे ठरवलं नव्हतं, पण एकदाही दोघी एकदम बोललो नाही.

कोणी हसलं नाही. मागून म्हणणाऱ्या माणसांचे उपकार मला त्या दिवशी कळले. पुढचा अडखळला तरी ते आपल्या तोंडाने ओळ पुरी करून परत देतात. माझे तुटके स पन्नास जणांनी दुरुस्त करून आप्पांपर्यंत पोचवले.

नंतर शेजारच्या काकू खिरीची वाटी घेऊन आल्या. "मायलेकींनी वाटून घेतली ते बरं केलंत गं. आम्हाला वाटलं ठरवलेलंच होतं." मग वाकून आईला म्हणाल्या, "माझी पण सैल आहे. मी डिंक लावते डब्यातला, मेडिकलमध्ये मिळतो. सांगायचं नाही का?" आणि दोघी कवळ्यांवर बोलत बसल्या. खीर आई बाहेर सगळ्यांत बसून जेवली, मी तिच्या शेजारी. दोघींनाही चावायचं काही नव्हतं.

आता सहा महिने होत आले. माझी जीभ आता तारा विसरली आहे. फक्त थकले की स जड होतो, तेव्हा मी फोन ठेवून एकदा बासष्ट म्हणते. खालचे दात रांगेत आले आहेत. गाजर अजून किसूनच खाते. ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी केली होती. त्यात नवरा, लेक, डॉक्टरबाई, ड्रायव्हरकाका, काकू, सगळ्यांपुढे खूण झाली आहे.

आईच्या कवळीचं मात्र राहिलं आहे. डॉक्टरबाईंनी कवळी करणारे ओळखीचे डॉक्टर सांगितले, डोंबिवलीतच, आईच्या घरापासून जवळ. मी तीनदा वेळ घेतली. पहिल्यांदा आई म्हणाली, उन्हाळा जाऊ दे. दुसऱ्यांदा पाऊस लागला. तिसऱ्यांदा म्हणाली, "डिंकाने चालतंय गं, कशाला?" डिंकाने चालत नाही. मागच्या रविवारी भाकरी तिने परत चुरूनच खाल्ली, बाहेर सगळ्यांत बसून, पण चुरूनच. येत्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.